दोन विद्यापीठांतून निवड

प्रश्न : आम्ही वणी तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आहोत. मुलगी बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली. बी.एस्सी.साठी वणीचे महाविद्यालय अमरावती विद्यापीठाशी, तर वरोऱ्याचे गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहे. कोणते निवडावे?

उत्तर : संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली आणि गडचिरोलीचे गोंडवाना २०११ साली स्थापन झाले, दोन्ही शासकीय मान्यतेची असल्याने स्पर्धा परीक्षेच्या अर्जासाठी दोन्ही पदव्या सारख्याच ग्राह्य आहेत. मुलीचे दिवस मात्र विद्यापीठात नव्हे, महाविद्यालयात जाणार आहेत, म्हणून तुलना महाविद्यालयांचीच करावी, असे मला मनापासून वाटते. कामकाजाच्या साध्या दिवशी तिला घेऊन दोन्हीकडे जा, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील नळाला पाणी येते का आणि सूक्ष्मदर्शकांवर धूळ साचली आहे का हे पाहा, आणि तिला हव्या असलेल्या विषयाचे प्राध्यापक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हे निःसंकोच विचारा. प्रात्यक्षिके दुपारी उशिरापर्यंत चालतात. त्यानंतर आपल्या गावाची एसटी मिळते का, तेही बघा. परतल्यावर आधी तिचे मत ऐका, आपले नंतर सांगा.