वरून गोळी सोडायच्या खिळ्यांच्या खेळात गोळी सारखी मधल्याच कप्प्यांत का जाते? फळी चुकली आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलांसाठी टेबलावर ठेवायचा खेळ बनवलात. उभी फळी, खिळ्यांच्या आठ रांगा, खाली नऊ कप्पे, आणि वरच्या मधल्या खाचेतून गोळी सोडायची. पण गोळी बहुतेक वेळा मधल्या तीन कप्प्यांत जाते आणि कडेचे कप्पे रिकामे राहतात. फळी चुकली आहे का, सरावाने कडेचा कप्पा साधता येईल का, आणि कुठल्या कप्प्याला किती गुण द्यावेत, असं तुम्ही विचारलं आहे. मी संख्याशास्त्र शिकवते आणि हा खेळ माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबलं आहे.

तुम्ही सांगितलंत तेवढ्यावरून तरी फळी चुकलेली दिसत नाही. आठ रांगांच्या फळीवर शंभरातल्या सत्तरएक गोळ्या मधल्या तीन कप्प्यांत जायलाच हव्यात. सगळे कप्पे सारखे भरायला लागले असते तर मात्र खिळे तपासावे लागले असते.

कारण असं. प्रत्येक खिळ्यावर गोळी डावीकडे तरी वळते, नाही तर उजवीकडे. आठ खिळे म्हणजे आठ निर्णय, आणि दर वेळी दोन पर्याय. म्हणजे वरून खालपर्यंत जायच्या एकूण वाटा २५६. अगदी डावीकडच्या कप्प्यात जायचं तर आठही वेळा डावीकडेच वळावं लागतं, आणि तशी वाट एकच आहे. मधल्या कप्प्यात जायला चार वळणं डावी आणि चार उजवी लागतात, मग ती कुठल्याही क्रमाने आली तरी चालतं, आणि असे क्रम ७० आहेत. डावीकडून उजवीकडे कप्प्यांच्या वाटा मोजल्या तर १, ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८, १ असे आकडे मिळतात. मधल्या तिघांची बेरीज १८२. २५६ पैकी १८२ म्हणजे ७१ टक्के. गोळीला मधल्या कप्प्याची ओढ नसते, तिकडे जाणाऱ्या वाटाच जास्त असतात.

हे आकडे आपल्याकडे छंदशास्त्रातून आले आहेत आणि मला ते तिथेच सगळ्यात सुंदर वाटतात. अनुष्टुभाच्या एका चरणात आठ अक्षरं असतात आणि प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू. लघुगुरूंच्या मांडण्या किती? २५६. त्यांत बरोबर चार गुरू असलेल्या किती? ७०. पिंगल या प्राचीन छंदशास्त्रकाराच्या छंदःसूत्रांवरच्या भाष्यात हलायुधाने दहाव्या शतकात हे आकडे त्रिकोणात कसे मांडायचे ते सांगितलं आणि त्या मांडणीला मेरुप्रस्तार म्हणतात. पास्कलचा त्रिकोण म्हणून शाळेत शिकवतात तो हाच. तुमच्या फळीवरचा प्रत्येक खिळा गोळीला ‘लघु की गुरू’ एवढंच विचारतो. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७३ च्या सुमारास काचेच्या मागे खिळे ठोकून, शिशाचे छर्रे सोडून हीच गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी केली आणि १८७४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात ते यंत्र दाखवलं. रांगा वाढवत गेलं की खालच्या ढिगाला घंटेसारखा आकार येतो. तो का येतो याचं गणित द म्वाव्र या गणितज्ञाने १७३३ मध्येच मांडून ठेवलं होतं.

आता हात बसण्याचा प्रश्न. कुठून सोडायची हे खेळणाऱ्याच्या हातात असेल तर तेवढं कौशल्य नक्की आहे. दोन खिळे उजवीकडून सोडली की अख्खा ढीग दोन कप्पे उजवीकडे सरकतो, फक्त कडेच्या भिंतीला आपटून परत येणाऱ्या गोळ्यांचा थोडा फरक पडतो. पण खाच ठरलेली असेल तर सरावाचा काही उपयोग नाही, आणि हे मी नुसतं ठोकून देत नाहीये.

एका खिळ्याजवळ डोळा नेऊन बघा. गोळी ८ मिमीची आणि खिळा २ मिमी जाडीचा धरू. गोळीचा मध्य खिळ्याच्या बरोबर वर नसून अगदी किंचित, समजा ०.०१ मिमी, बाजूला आहे. केसाच्या जाडीपेक्षाही हे कमी झालं. खिळा गोल असल्यामुळे गोळी सरळ वर न उडता जराशी तिरकी उडते आणि पुढच्या खिळ्यापाशी पोचेपर्यंत तो फरक ढोबळमानाने चार-पाच पट होतो. तिथे परत तेच होतं. पाचव्या खिळ्यापर्यंत ०.०१ मिमीचे कित्येक मिलिमीटर झालेले असतात, म्हणजे खिळ्याची डावी बाजू की उजवी हे बदलायला पुरेसे. पुढच्या तीन रांगांबद्दल तर बोलायलाच नको. कुठल्याही माणसाच्या बोटांना इतकी अचूकता शक्य नाही. गोळीवरची धूळही एवढा फरक पाडते. त्यामुळे ‘मला बरोबर तसंच सोडता येतं’ म्हणणाऱ्या मुलाला पैज लावून दहा गोळ्या सोडायला सांगा, त्याचं त्यालाच कळेल.

तसंच लागोपाठ चार गोळ्या डावीकडे गेल्या म्हणून पाचवी उजवीकडे जाईल असंही नसतं. आधीच्या गोळीचं खिळ्यांना काही आठवत नाही. मोठी माणसंही इथे हटकून फसतात.

जिथे कौशल्य खरंच असतं तिथे ते गोळी सोडण्याच्या रीतीत असतं. बॅगाटेल या गोळी-खिळ्यांच्या जुन्या खेळात गोळी वरून पडत नाही, तिला ढकलावं लागतं. माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१ मध्ये स्प्रिंगच्या दांड्याचं पेटंट घेतलं, आणि दांडा किती ओढायचा हे हाताला शिकवता येतं. त्यातूनच पुढे पिनबॉल हा यंत्रावरचा खेळ आला. १९३१ चा ‘बॅफल बॉल’ दुकानाच्या काउंटरवर मावायचा आणि त्याला फ्लिपर, म्हणजे गोळी परत वर उडवणारे छोटे हात, नव्हते. ते १९४७ मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रावर आले. न्यूयॉर्कने पिनबॉलला जुगार ठरवून १९४२ मध्ये बंदी घातली होती. १९७६ मध्ये रॉजर शार्प या पिनबॉल खेळाडूने नगर परिषदेच्या समितीसमोर दांडा ओढून गोळी कुठल्या मार्गिकेतून उतरेल ते आधी सांगितलं, गोळी तिथूनच उतरली आणि बंदी उठली. तुमच्या फळीवर असा दांडा नाही, त्यामुळे हा खेळ निव्वळ दैवाचा आहे. माझ्या मते त्यात काही कमीपणा नाही. पाच वर्षांचं मूल आणि त्याचे आजोबा खरोखर बरोबरीने खेळू शकतील असे खेळ फार थोडे असतात.

आता फळी तपासायचं. तुम्ही विचारलेल्या सगळ्यात हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण यातली चूक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फळी किंचित उजवीकडे कलली आहे आणि त्यामुळे प्रत्येक खिळ्यावर उजवीकडे जायची शक्यता ५० ऐवजी ५५ टक्के झाली आहे असं समजा. मधल्या कप्प्यात आधी २७ टक्के गोळ्या जायच्या, आता २६ टक्के जातील. काहीच कळणार नाही. पण उजवीकडच्या टोकाच्या कप्प्याची शक्यता दुपटीहून जास्त झालेली असते आणि डावीकडच्या टोकाची निम्म्याहून खाली गेलेली असते. म्हणजे ज्या कप्प्यांना सगळ्यात जास्त गुण, तिथेच मोठा अन्याय होतो. टोकाचे कप्पे मोजूनही हे पकडता येत नाही, कारण तिथे गोळ्या इतक्या थोड्या पडतात की दोन आणि चारमधला फरक योगायोगानेही होऊ शकतो.

म्हणून सरासरी काढा. कप्प्यांना डावीकडून ० ते ८ असे क्रमांक द्या. २०० गोळ्या एकेक करून सोडा आणि प्रत्येक वेळी कप्प्याचा क्रमांक लिहून ठेवा. (मूठभर गोळ्या एकदम सोडल्या तर त्या एकमेकींवर आपटतात आणि हिशेब बिघडतो.) सगळ्या क्रमांकांची सरासरी ४ च्या जवळ यायला हवी, ३.८ ते ४.२ च्या आत असेल तर निर्धास्त राहा. वर सांगितलेला कल असेल तर ती ४.४ च्या आसपास येईल आणि लगेच लक्षात येईल. एका संध्याकाळचं काम आहे आणि मुलं ते आनंदाने करतात. सरासरी बाहेर गेली तर आधी पाणसळ लावा, पायाखाली पाचर सारा आणि पुन्हा मोजा. तरीही सुधारलं नाही तर एखादा खिळा वाकडा असणार. बहुधा तो वरच्या दोन-तीन रांगांत सापडतो, कारण तिथे खिळे थोडे असल्यामुळे प्रत्येक खिळ्यावरून बऱ्याच गोळ्या जातात.

एक खिळा वाकवून किती फरक पडतो हे पाचिंको या जपानी गोळ्यांच्या जुगारी खेळाची यंत्रं चालवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. त्या उभ्या यंत्रांत ११ मिमीच्या पोलादी गोळ्या पितळी खिळ्यांतून खाली येतात, आणि बक्षिसाच्या तोंडाजवळचे खिळे नजरेला जाणवणार नाही इतके हलवून किती गोळ्या आत जातील ते ठरवणारे खास कारागीर असत.

सरासरी बरोबर आली आणि तरी ढीग थोडा जास्त पसरट निघाला तर घाबरू नका. डावीकडे वळलेल्या गोळीत थोडा डावीकडचा वेग उरतो आणि पुढच्या खिळ्यावरही ती डावीकडेच कलते. गणितात प्रत्येक वळण स्वतंत्र धरलेलं असतं, खऱ्या फळीवर ते पूर्ण स्वतंत्र नसतं. खिळ्यांमधली फट गोळीपेक्षा थोडीच मोठी ठेवली की हा वेग बराच मरतो. ८ मिमीच्या गोळीला केंद्रापासून केंद्रापर्यंत १२ ते १३ मिमी अंतर चांगलं, आणि रांगांमध्ये ११ मिमी. फळी थोडी मागे झुकवून गोळीचा वेग कमी केला तरीही मदत होते.

राहिले गुण. आकड्यांतून एक सुंदर मांडणी आपोआप निघते: २८०, ३५, १०, ५, ४, ५, १०, ३५, २८०. वाटांच्या संख्येने गुणून बघा, ७० चोक २८०, ५६ पंचे २८०, २८ दाहे २८०, ८ गुणिले ३५ म्हणजेही २८०. लांबचा हिशेब केला तर प्रत्येक कप्पा सारखेच गुण मिळवून देतो. अडचण एवढीच की दोन मुलांनी दहा-दहा गोळ्या टाकल्या तर सातांपैकी साधारण सहा डावांत टोकाचा कप्पा कोणालाच लागणार नाही, आणि लागला तर बाकीच्या सगळ्या खेळाला अर्थच उरणार नाही. म्हणून टोकाला १०० ठेवा, बाकी तसंच राहू द्या. शून्याचा कप्पा मी ठेवणार नाही. अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात १९८३ पासून प्लिंको नावाचा असाच खिळ्यांचा खेळ खेळतात, त्यात गोळीऐवजी तबकडी सोडतात. तिथे सगळ्यात मोठी रक्कम मधल्या कप्प्यात असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना शून्यं. तबकडी शेवटच्या खिळ्यावरून शून्यात घसरली की प्रेक्षक जोराने कण्हतात. टीव्हीला ते लागतं. सहा वर्षांच्या मुलाला ४ गुण मिळाले तरी तो पुढची गोळी उचलतो.