स्वयंपाक सल्ला: पोहे मऊ कसे राहतील?

प्रश्न: सराफा बाजारातल्या गाडीवरचे पोहे तासाभरानेही मऊ असतात, माझे अर्ध्या तासात कोरडे, चिवट होतात. तेल वाढवू का?
– एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर: तेल नको, वाफ वाढवा. गाडीवर पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवलेलं असतं. घरी कढई थेट आचेवर राहते, तळ तापतो आणि पोह्यांतलं पाणी उडून जातं.

चौघांसाठी पाव किलो जाडे पोहे घ्या. पातळ पोह्यांचा गोळाच होईल. चाळणीत धारेखाली हलवत अर्धा मिनिट धुवा. भिजत घालू नका. दहा मिनिटं निथळू द्या. दाणा चिमटीत सहज दाबला गेला पाहिजे. मध्ये कडक लागला तर पाण्याचा हबका मारा. मीठ आणि दोन चमचे साखर आत्ताच चोळा. फोडणीत टाकली तर ती सगळीकडे सारखी लागत नाहीत.

तीन मोठे चमचे तेलात मोहरी, बडीशेप, मिरची. आच मंद करून हळद. पोहे परतायचे जेमतेम मिनिटभर.

आता मोठ्या पातेल्यात दोन इंच पाणी उकळा आणि वर पोह्यांचं भांडं बसवा. पाण्याला तळ टेकू देऊ नका. झाकणाला आतून कापड बांधा, नाहीतर थेंब पडून मधले पोहे लगदा होतात. आठ मिनिटं पुरतात. नंतर पाणी नुसतं गरम ठेवा.

लिंबू खाली उतरवल्यावर. जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), कांदा, शेव मात्र बशीतच. आधी घातलेली शेव मऊ पडते, आणि तसे पोहे इंदुरात कोणाला वाढू नयेत!