वाढीव घरपट्टीतून वाडा सुधारेल का?

प्रश्न: माझी मुलगी शिकागोत राहते. तिच्या घराच्या कराच्या बिलावर ‘टीआयएफ’ अशी एक ओळ असते. ती म्हणते, तिथे मागासलेल्या वस्तीतला वाढीव कर त्याच वस्तीवर खर्च करतात. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, गटार उघडं, रस्ता उखडलेला, पण नव्या इमारती मात्र भराभर उभ्या राहतायत. त्यांची घरपट्टी आमच्याच वाड्यावर खर्च करता येणार नाही का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: ताई, एका नगरपालिकेच्या घरपट्टी विभागात माझी एकतीस वर्षं गेली. गटाराची तक्रार घेऊन येणारे खूप भेटले, पण आपण भरलेला पैसा पुढे कुठे जातो हे विचारणारे फार थोडे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीआयएफ म्हणजे ‘टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग’, वाढीव करातून पैसा उभारणं. त्यात शहर एका वस्तीभोवती रेघ ओढतं आणि त्या दिवशीचं तिथल्या मालमत्तांचं करयोग्य मूल्य गोठवून ठेवतं. तेवढ्या मूल्यावरचा कर पूर्वीसारखाच शाळा, उद्यानं, शहर, जिल्हा यांच्यात वाटला जातो. पुढे मूल्य वाढलं की त्या वाढीवरचा कर वेगळ्या खात्यात पडतो आणि रेघेच्या आतल्या कामांवर खर्च होतो. बरेचदा आधी कर्जरोखे काढून कामं करतात आणि मग या खात्यातून फेडतात. कॅलिफोर्नियात हे १९५२ मध्ये सुरू झालं. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयचा कायदा १९७७चा, आणि शिकागोची अशी पहिली वस्ती १९८४ची. तिथे मुदत २३ वर्षांची असते.

आता तुमच्या वाड्याचा हिशेब मांडू. आकडे निव्वळ समजण्यापुरते. आज वाड्याची घरपट्टी वर्षाला ४० लाख, पाच वर्षांनी ५५ लाख. वरचे १५ लाख वेगळ्या खात्यात. पण दरवर्षी ५ टक्के वाढ अशीही झालीच असती असं धरलं, तर पाच वर्षांत ४० चे ५१ लाख आपोआप झाले असते. म्हणजे नव्या कामामुळे आलेले खरे ४ लाखच. उरलेले ११ लाख नगरपालिकेच्या रोजच्या खर्चातून काढून घेतलेले. सफाई कामगारांचा पगार आणि दिव्यांचं बिल मात्र दरवर्षी वाढतच असतं.

मला या पद्धतीत खटकतं ते हेच. इलिनॉयच्या कायद्यात अट आहे की या मदतीशिवाय विकास झालाच नसता हे दाखवावं. ते ठरवणार कोण? शिकागोने २०१९ मध्ये लिंकन यार्ड्स प्रकल्पासाठी १.३ अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर केली, तीही सधन वस्त्यांना लागून असलेल्या जागेसाठी. शाळांचे पैसे तिकडे का, म्हणून लोक भांडले. ते भांडण मला रास्त वाटतं. कॅलिफोर्नियाने तर २०११ मध्ये कायदा करून ही पद्धत चालवणाऱ्या सुमारे ४०० पुनर्विकास संस्था बंदच केल्या, कारण शाळांच्या वाट्याची भरपाई राज्याला करावी लागत होती.

आपल्याकडे केंद्राच्या २०१७ च्या धोरण आराखड्यात टीआयएफचं नाव आहे. पण गोव्यात घरपट्टी नगरपालिकेचीच. शाळा त्यावर चालत नाहीत, त्यामुळे ओढाताण होईल ती कचरा, दिवे आणि गटारांची, म्हणजे एका वाड्याची दुसऱ्या वाड्याशी. शिवाय वर्षाला १५ लाख फेडायचे म्हटले तर ८ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी दीड कोटीचंही कर्ज मिळत नाही. त्यात एखादं गटार आणि थोडा रस्ता होईल, वाडा नव्हे.

खरी गळती मी जवळून पाहिली आहे. एकदा मोजपट्टी घेऊन एका रस्त्यावरची घरं मोजायला गेलो होतो. नोंदवहीत ‘कौलारू घर, राहते’ असं लिहिलेलं, आणि समोर तीन मजली स्लॅब, तळाला कपड्यांचं दुकान. वर बिऱ्हाडं. शटरवर चवथीच्या सेलचा फलक. घरपट्टी जुन्याच घराची. मी टिपण करून वर दिलं. निवृत्त होईपर्यंत ती ओळ तशीच होती. त्याच दुकानासमोर बसणाऱ्या भाजीवालीचा सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, मात्र एक दिवस चुकत नव्हता. हे मला आजही सलतं.

म्हणून ताई, तुमची मागणी रास्त आहे, पण सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा. माहिती हक्काचा अर्ज करा. तुमच्या प्रभागाची गेल्या पाच वर्षांची घरपट्टीची मागणी, प्रत्यक्ष वसुली आणि थकबाकी मागा. त्या नव्या इमारतींना भोगवटा दाखला कधी मिळाला आणि घरपट्टी कधी लागू झाली, हे वेगळं विचारा. दोन तारखांमध्ये अंतर दिसलं तर तो कागद घेऊन नगरसेवकाकडे जा, आणि त्या वसुलीतला ठरावीक वाटा तुमच्या गटारासाठी राखून ठेवणारा ठराव पालिकेच्या बैठकीत आणायला सांगा. उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठवा, आकडे मी बघून देईन.