मोठा पॅक स्वस्तच पडतो का हो ताई?

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्याकडे महिन्याचा किराणा हे आणतात आणि ह्यांचं एकच, मोठा पॅक घ्या, स्वस्त पडतो. या महिन्यात कपडे धुवायची पावडर 4 किलोची 520 ला आणली. तीच पावडर मी घराजवळच्या दुकानात 800 ग्रॅमची 98 ला पाहिली होती. पाकिटावर आणखी एक भाव लिहिलेला असते, तो पाहिला तर मोठ्यावर 130 अन लहानावर 0.12, आता यातून काय समजायचं? हे म्हणतात तुले हिशोब नाही समजत. (मानेवाडा, नागपूर)

उत्तर: ताई, हिशोब तुम्हालाच समजला आहे, ह्यांना हे पान वाचायला द्या.

आधी तो 0.12 चा घोळ. पाकीटबंद मालाचे 2011 चे नियम आहेत, त्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि एमआरपीसोबत युनिटचा भाव छापणं कंपन्यांना बंधनकारक झालं. पण गंमत अशी की माल एक किलोच्या आत असला तर भाव ग्रॅमचा छापतात आणि किलोच्या वर असला की किलोचा, म्हणजे शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन पाकिटांवर एकीकडे 0.12 आणि दुसरीकडे 130, माणूस गोंधळणारच ना. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणलं की किलोचा भाव निघतो, इथे 120. पण तोही पुरा खरा नाही, कारण छापताना दोन आकड्यांपर्यंतच छापतात. 98 ला 800 ने भागलं तर 0.1225 येते, म्हणजे किलोला 120 नाही, 122 रुपये 50 पैसे. मागचे अडीच रुपये छापण्यातच गायब.

म्हणून मी ते छापलेलं पाहते पण भरवसा स्वतःच्या हिशोबावर ठेवते. शंभर ग्रॅमचा भाव काढायचा, बस. 800 ग्रॅम म्हणजे आठ शेकडे, 98 भागिले 8, सव्वाबारा, त्याला दहाने गुणा. दुकानात उभ्या उभ्या होते, मोबाईल काढायची पण गरज नाही. तुमची लहान पाकिटं पाच घेतली तर तेवढीच चार किलो पावडर 490 ला आली असती, ह्यांनी 30 रुपये जास्त दिले. (भांडू नका, फक्त सांगून ठेवा.)

शाम्पूचं तर आणखीच उलटं असते. दोन रुपयांची पुडी आणि मोठी बाटली यांचा मिलीलिटरचा भाव एकदा काढून पाहा, बरेचदा पुडीच स्वस्त निघते. आमच्या घरी तेव्हापासून बाथरूममध्ये पुड्यांची माळ लटकून राहिली आहे, पाहुणे आले की लाज वाटते पण काय करता. प्लास्टिकचा कचरा वाढतो हे मात्र खरं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि तेल! इथे सगळेच फसतात. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नाही, साधारण 910 ग्रॅम. आता समजा एक लिटरचं पाउच 146 ला आहे आणि बाजूलाच तसंच दिसणारं 850 ग्रॅमचं 138 ला, तर हात आपोआप 138 कडे जातो, आठ रुपये वाचले म्हणून. किलोवर आणून पाहा, पहिलं 160 च्या थोडं वर आणि दुसरं 162 च्या वर, म्हणजे स्वस्त दिसलं तेच महाग. इतवारीत डबा घ्यायला गेलात तर पहिले विचारा भाऊ 15 किलोचा आहे का 15 लिटरचा, कारण 15 लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या जवळपासच भरते, सव्वा किलोच्या वर फरक. त्यात तेल तापलं की फुगते, वजन तेवढंच राहते, आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. म्हणून तेलाचा हिशोब नेहमी वजनावर.

"20 टक्के जास्त" लिहिलेलं असलं की ते 20 टक्के सूट समजू नका, त्याच पैशात सव्वापटीच्या आतच माल मिळतो आणि भाव पावणेसतरा टक्क्यांच्या आसपासच उतरतो. आणि मानेवाड्याहून फक्त दहा रुपये वाचवायला इतवारीत गाडी काढू नका बाप्पा, पेट्रोल पण त्याच पिशवीत मोजा. एमआरपीपेक्षा जास्त कोणी घेतले तर मात्र 1915 ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे.

प्रश्न: काकू, मी पुण्याहून इथे शिकायला आलोय. सीताबर्डीला एक जण संत्री 80 रुपये डझन देतो, दुसरा 40 रुपये किलो. कोणाकडून घेऊ?

उत्तर: बाळा, फळ पाहून ठरव. किलोत पाचच बसतील एवढी मोठी असतील तर डझनात जवळपास अडीच किलो येतात, किलोला 33 पडले, डझनवाल्याकडून घे. सात बसणारी असतील तर डझनात पावणेदोन किलोही नाहीत, तेव्हा किलोवाला बरा. आणि डझनवाल्याकडे गेलास तर स्वतः निवडून घे, तो त्याच्या हाताने भरू लागला की पुढच्या गाडीवर जायचं.