परग्रहांवर जीव शोधणारे शास्त्रज्ञ दिवसभर नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय की साठ-पासष्ट वर्षं शोधूनही एक जंतू हाती लागला नाही, मग ही मंडळी रोज करतात तरी काय, आणि न सापडणाऱ्या गोष्टीपायी आयुष्य कसं घालवतात. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. रासायनिक विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत काम करते. पाण्यात किंवा मातीत एखादा पदार्थ किती सूक्ष्म प्रमाणात आहे हे मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजणं, हे माझं रोजचं काम. या शोधाबद्दल मात्र कित्येक वर्षं मिळेल ते वाचत आलेय, आणि दर वेळी वाटतं, अरे, हे तर माझ्याच टेबलावरचं काम आहे. म्हणून लिहितेय.

माझं उत्तर असं : ते बहुतेक वेळ ‘ब्लँक’ चालवतात.

ब्लँक म्हणजे रिकामा नमुना. बाटली तीच, सॉल्व्हंट (नमुना विरघळवायचा द्रव) तेच, यंत्र तेच, हात तेच, फक्त जे तपासायचंय ते त्यात नसतं. ब्लँकमध्येही पीक आलं, म्हणजे आलेखाची रेष तिथेच वर गेली, तर समजायचं की तो पदार्थ नमुन्यातला नाही, आपल्याकडूनच आलाय. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एका नमुन्यात सुरेख, टोकदार पीक दिसलं होतं. दोन दिवस मी त्याच्या मागे होते. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, “ब्लँक लावलास का?” लावला. तेच पीक, तेवढंच उंच. प्लास्टिकच्या झाकणातला थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला वापरतात तो पदार्थ, सॉल्व्हंटमध्ये उतरत होता.

आता हेच मंगळावर करायचंय असं समजा. परत जाऊन दुसरी बाटली आणता येत नाही.

१९७६ साली नासाची व्हायकिंग १ आणि व्हायकिंग २ ही यानं मंगळावर उतरली. गिल्बर्ट लेविन यांच्या प्रयोगात तिथल्या मातीवर पोषक द्रवाचा थेंब सोडला गेला. त्यातला कार्बन किरणोत्सारी होता, म्हणजे मातीतल्या कुणी ते खाऊन वायू सोडला तर लगेच कळणार. वायू आला. मग त्याच मातीचा दुसरा वाटा १६० अंश सेल्सिअसला तीन तास भाजला आणि त्यावर थेंब सोडला, तर वायू जवळपास आलाच नाही. मातीत काही जिवंत असतं आणि भाजल्याने मेलं असतं, तर असंच घडलं असतं. पण न भाजलेल्या मातीला दुसऱ्यांदा खाद्य दिल्यावर वायू आणखी वाढायला हवा होता. तो वाढला नाही, उलट थोडासा मातीत परत शोषला गेला. जिवंत गोष्टी असं वागत नाहीत.

त्याच यानावर माझ्या यंत्राचा पूर्वज होता. त्याला मंगळाचे म्हणावेत असे सेंद्रिय, म्हणजे कार्बनी, पदार्थ सापडले नाहीत. दिसली ती क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन ही क्लोरीनयुक्त संयुगं, अब्जात काही भाग इतकी. यान साफ करताना वापरलेल्या सॉल्व्हंटचा हा अंश असणार, म्हणून ती बाजूला ठेवली गेली. सेंद्रिय पदार्थच नाहीत तर जीव कुठून, असा बहुतेकांचा निष्कर्ष झाला. लेविन यांनी तो २०२१ साली वारेपर्यंत मान्य केला नाही.

पुढे २००८ साली फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. हे क्षार सेंद्रिय पदार्थांबरोबर तापवले की सेंद्रिय पदार्थ जळतात आणि मागे क्लोरीनयुक्त संयुगं राहतात. व्हायकिंगचं यंत्र मातीला तापवूनच तपासत होतं. २०१० साली राफाएल नावारो-गोंझालेस आणि सहकाऱ्यांनी अटाकामा वाळवंटाच्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली, तर तीच दोन संयुगं निघाली. म्हणजे जो आपल्या हाताचा मळ समजून पुसून टाकला, तो कदाचित मंगळाचाच होता. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. घाईने “सापडलं” म्हणणं चूक असतं, एवढं मला ठाऊक होतं. घाईने “हे आपलंच आहे” म्हणणंही तितकंच महागात पडतं, हे तेव्हा कळलं. (यातून जीव सिद्ध होत नाही. फक्त सेंद्रिय पदार्थ नाहीत हा दावा ढिला पडतो.)

पुढच्या यानांनी हा धडा अंगी लावून घेतला. २०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटीच्या आतल्या प्रयोगशाळेत, सोबत नेलेल्या एका रसायनाची गळती झाली. त्या गळतीतून आणि परक्लोरेटमधून काय काय तयार होऊ शकतं याचा हिशेब मांडून, ते वजा करून, मग २०१५ साली शास्त्रज्ञांनी क्लोरोबेंझीन हा सेंद्रिय पदार्थ मंगळाच्या खडकातलाच असल्याचं जाहीर केलं. पर्सिव्हरन्स रोव्हरसोबत नमुन्यांच्या ४३ नळ्या गेल्या आहेत, त्यांतल्या ५ ‘साक्षीदार’ नळ्या. त्यांत खडक भरायचाच नाही. रोव्हरभोवती पृथ्वीवरून आलेलं जे काही तरंगत असेल तेवढंच त्यांनी टिपायचं. मंगळावर पाठवलेले ब्लँकच हे!

रेडिओ दुर्बिणींवरही हेच चालतं. १९६० साली खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या दुर्बिणीने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडनी या दोन ताऱ्यांकडे कान लावला, तेव्हापासून मुख्य डोकेदुखी आहे ती माणसाच्याच गोंगाटाची. म्हणून दुर्बीण काही मिनिटं ताऱ्याकडे रोखतात, मग मुद्दाम बाजूच्या आकाशाकडे वळवतात, पुन्हा ताऱ्याकडे. ताऱ्यावरून हटल्यावरही संकेत येतच राहिला तर तो इथलाच. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातली पार्क्स दुर्बीण प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याकडे रोखलेली असताना ९८२ मेगाहर्ट्झच्या आसपास एक संकेत आला, तो या चाळणीतूनही पार झाला. ताऱ्याकडे पाहताना दिसे, बाजूला वळलं की गायब. सोफिया शेख आणि सहकाऱ्यांनी साऱ्या नोंदी पुन्हा उपसल्या, तेव्हा तसेच साठेक संकेत वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर सापडले, आणि त्यांतले काही दुर्बीण दुसरीकडे वळलेली असतानाचे होते. कुठल्या तरी इलेक्ट्रॉनिक उपकरणातली ही गडबड. २०२१ साली त्यांनीच हे छापलं. याच पार्क्समध्ये वर्षानुवर्षं अधूनमधून येणाऱ्या काही गूढ रेडिओ ठोक्यांचा उगम २०१५ साली मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये निघाला. ओव्हन बंद होण्याआधीच कुणी दार उघडलं की तो ठोका उमटायचा.

ब्लँकइतकीच गरज असते ‘स्टँडर्ड’ची. जो पदार्थ आहेच हे पक्कं ठाऊक असतं, तो आपल्या यंत्राला दिसतो का हे आधी बघायचं. जीव असलेला असा एकच नमुना आपल्याकडे आहे, पृथ्वी. डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याची उपकरणं पृथ्वीवरच रोखली आणि जणू काहीच माहीत नसल्यासारखं विचारलं, इथे जीव आहे का? भरपूर ऑक्सिजन दिसला. त्याच्यासोबत टिकू नये इतका मिथेन दिसला, म्हणजे कुणीतरी तो सतत सोडत असणार. जमिनीवर लाल प्रकाश शोषणारं काहीतरी दिसलं, ती झाडं. आणि आपले रेडिओ संकेत. या सगळ्या शोधात माझा सर्वांत लाडका प्रयोग हाच.

दूरच्या ग्रहांबाबत मी थोडक्यातच बोलते, कारण तिथे अजून फार धुकं आहे. के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड असावं, असं निक्कू मधुसूदन यांच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं. पृथ्वीवर तो वायू मुख्यतः सागरी प्लवकांमुळे, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, तयार होतो. बातम्या मोठ्या झाल्या. पण तीच आकडेवारी दुसऱ्या गटांनी तपासली तेव्हा संकेत पुरेसा ठाम ठरला नाही. शिवाय हाच पदार्थ एका निर्जीव धूमकेतूवरही आढळलाय.

राहिला तुमचा “काहीच सापडलं नाही” हा मुद्दा. असेच रेडिओ संकेत शोधणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी एक तुलना केली होती : रेडिओ संकेतांचा शोध आजवर जितका झालाय तो म्हणजे समुद्रातून एक पेला पाणी काढून बघणं. पेल्यात मासा नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत, असं कुणी म्हणेल का? त्यानंतर पेला मोठा झालाय, समुद्र मात्र तेवढाच आहे.

आणि सध्या माझं लक्ष सगळं एका खडकाकडे आहे. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हरन्सला जेझेरो विवराजवळच्या एका जुन्या नदीपात्रात तो भेटला, नाव ठेवलंय चेयावा फॉल्स. जेमतेम मीटरभर लांबीचा, तांबूस, आणि त्यावर मिलिमीटरभराचे ठिपके : मध्ये फिकट, कडेने गडद, बिबट्याच्या अंगावर असतात तसे. ठिपक्यांत लोहाची फॉस्फेट आणि सल्फाइड खनिजं दिसतात. पृथ्वीवरच्या चिखलात सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाता खाता अशी खनिजं मागे ठेवतात. जीवाशिवायही ती होऊ शकतात, पण त्यासाठी बहुधा बरीच उष्णता लागते, आणि हा खडक तसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये जोएल ह्युरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी हे सविस्तर छापलं, तेव्हाही शब्द वापरले ते ‘संभाव्य जैवखूण’ एवढेच.

त्या खडकातून काढलेला दगडाचा तुकडा नळीत सीलबंद आहे. ती नळी अजून मंगळावरच आहे, आणि ज्या यंत्रांवर तो तुकडा तपासायला हवा ती पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांत आहेत. तो आला तर एखादी साक्षीदार नळीही सोबत यावी, एवढीच माझी इच्छा. आधी ती उघडावी लागेल.