चार वर्षांच्या लेकासोबतचा नाताळ

प्रिय मुली,

सप्रेम जय ख्रिस्त.

वसईत नाताळ दाराबाहेर पडलं की दिसतो, पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो घरातच उभा करावा लागणार, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण त्यासाठी पुष्कळ काही करावं लागतं असं मला वाटत नाही. उलट यादी लहान कर. चार वर्षांच्या मुलाला रोज नवं काही दाखवलं तर त्यातलं थोडंच त्याच्याजवळ राहतं. तीच गोष्ट तो रोज हातांनी करत राहिला तर ती त्याची होते. तुझ्या घरातली ती एक गोष्ट म्हणजे रिकामी गव्हाण. बाळ येशू अजून आलेला नाही, आपण वाट बघतोय. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, सगळा अर्थ एवढ्यात आहे आणि तो या वयाच्या मुलाला नीट कळतो.

आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या दरम्यान येतो. त्याच्या आदल्या शनिवारी गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, जागा ठरव. टीव्हीच्या कपाटावर, काचेमागे, ‘हात लावू नकोस’ असं सांगावं लागेल अशा जागी तो मांडू नकोस. जमिनीपासून चाळीस-पन्नास सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा स्टूल पुरे, म्हणजे उभा राहिला की गोठा त्याच्या छातीशी येईल. गावाकडे तरुण मंडळी स्पर्धेसाठी डोंगर, धबधबे, दिवे लावून मोठे गोठे करतात. ते बघायला त्याला जरूर ने, पण घरचा गोठा बघण्यासाठी नाही, हलवण्यासाठी आहे.

मूर्ती विकतच्या प्लास्टरच्या घेतल्यास तर पहिल्या आठवड्यातच एखाद्या मेंढराचा पाय तुटेल आणि मग तू त्या वर ठेवशील. शाडूच्या घरी करा. पहिल्या वर्षी मरिया, योसेफ, बाळ, एक मेंढपाळ, एक मेंढरू आणि बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी लोक एवढं बस. अंगासाठी मातीचा शंकू, डोक्यासाठी गोळा, उंची आठ-नऊ सेंटिमीटर. डोकं नुसतं दाबून बसवलं की वाळल्यावर सुटतं, म्हणून अर्धी आगकाडी (गूल काढून टाकलेली) आत खुपस आणि सांध्याला पातळ चिखल लाव. सावलीत चार-पाच दिवस वाळू दे. उन्हात ठेवल्यास बाहेरची माती आधी आकसते, आतली ओलीच असते आणि मूर्तीला उभ्या भेगा पडतात. नंतर पोस्टर कलर. मरियेचा चेहरा वाकडा झाला तरी तू सुधारू नकोस. त्याने केलेली मरिया त्याला ओळखू येते. बाळाची मूर्ती मात्र चार सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि घरात अजून धाकटं मूल येत-जात असेल तर ती आणखी मोठी कर, कारण लहान वस्तू सरळ तोंडात जाते.

बाळाची मूर्ती झाली की ती त्याच्यासमोर डबीत ठेव आणि डबी कुठे आहे ते त्याला सांग. लपवाछपवी नको. तो मधेच उघडून बघेल, बघू दे. पण गव्हाणीत ठेवायची ती 24 तारखेच्या रात्री.

मरिया आणि योसेफ घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी ठेव. ते नाझरेथ. तिथून रोज त्याने त्यांना हातभर पुढे न्यायचं. नाझरेथ ते बेथलेहेम सरळ रेषेत साधारण पुणे-मुंबईएवढं अंतर आहे, आणि हे दोघं गाडीने गेले नाहीत, एवढं सांगितलंस की तो स्वतःच विचारेल की मरिया दमली असेल का. ज्ञानी लोक सगळ्यात लांब, दुसऱ्या खोलीतल्या फडताळावर. ते नाताळच्या रात्री पोचत नाहीत.

गव्हाणीसाठी भाताचा पेंढा किंवा वाळलेलं गवत बोटभर लांबीचं कापून वाटीत ठेव. रोज संध्याकाळी त्याने एक काडी बाळासाठी अंथरायची. या काडीचं बऱ्याच घरांत गणित होतं: चांगलं वागलास तर काडी, हट्ट केलास तर काडी परत. हे कटाक्षाने टाळ. काडी कधीही परत काढायची नाही आणि ती बक्षीस म्हणून द्यायची नाही. काडी टाकताना कुणा एकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची, आजीचं, शाळेच्या बसच्या काकांचं, आजारी मित्राचं. बाळ येतं ते आपण गुण मिळवले म्हणून नाही, हेच तर आपल्याला सांगायचं आहे. ‘येशू बघतोय हं’ अशी भीतीही त्याला कधी घालू नकोस.

हे सगळं सात मिनिटांच्या वर जाऊ देऊ नकोस. जेवणाआधी, रोज त्याच वेळी, वरचे दिवे मालवून. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या घे, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. रंग मिळाले नाहीत तर पांढऱ्यांना फीत बांध, पण पेटवण्याआधी ती सोडून ठेव. त्या ताटात चांगली बोटभर वाळू घालून रोव. भोवतीच्या हिरव्या फांद्या दर रविवारी बदल. सुरूच्या झाडाची किंवा तत्सम पानं आठवड्यात कडक वाळतात आणि ठिणगीने भपकन पेटतात. पेटवणं तुझं, फुंकून विझवणं त्याचं.

वाचन आठवडाभर तेच ठेव. पहिल्या आठवड्यात गब्रीएल मरियेकडे येतो (लूक 1:26-38), दुसऱ्यात मरिया एलिझाबेथला भेटायला जाते (1:39-45), तिसऱ्यापासून बेथलेहेमचा प्रवास (2:1-5). 24 च्या रात्री जन्म, 25 ला मेंढपाळ. बायबलमधल्या शुभवर्तमानातूनच वाच, गोष्टीच्या पुस्तकातून नको. शब्द जड वाटले तरी चौथ्या दिवशी तो तुझं वाक्य पुरं करू लागेल. तेवढ्यावर थांब, अर्थ समजावत बसू नकोस.

तो प्रश्न विचारेल, आणि इथे तुझी तयारी हवी. गाढव कुठे लिहिलंय? शुभवर्तमानात गाढवही नाही आणि बैलही नाही. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आले, जिथे बैल धन्याला आणि गाढव मालकाच्या गव्हाणीला ओळखतं. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळ साजरा केला. ज्ञानी लोक तीनच का? मत्तय संख्या देत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशी दानं तीन, म्हणून माणसं तीन धरली. आणि ते गोठ्यात नाही, घरात पोचले (मत्तय 2:11). येशूचा वाढदिवस 25 लाच कशावरून? तारीख शास्त्रात नाही. रोममध्ये हा दिवस पाळल्याची जुनी नोंद इसवी सन 336 ची आहे, आणि तेव्हापासून ख्रिस्ती माणसं याच दिवशी तो साजरा करत आली. त्याला एवढंच सांग की तारीख आपण ठरवली, बाळ खरंच जन्मलं. हेरोद राजाने बालकांना मारल्याचा भाग या वयात वाचू नकोस. राजाला बाळ नको होतं, म्हणून योसेफ रात्रीच दोघांना घेऊन मिसर देशात गेला, इतकं पुरतं.

सांताक्लॉज शाळेतून घरी येणारच, लाल टोपीसकट. त्याच्याशी भांडू नकोस आणि त्याच्या नावाने खोटंही बोलू नकोस. 6 डिसेंबरला संत निकोलसचा सण असतो. चौथ्या शतकात मायरा इथे (आजच्या तुर्कस्तानात) हे बिशप होते आणि तीन गरीब मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप पैशांच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. ‘शाळेतले सांता हे त्यांचंच सोंग’ एवढं सांग, आणि त्याच दिवशी त्याच्या खेळण्यांतलं एक चालू स्थितीतलं, त्याला आवडतं असं खेळणं कुणाला तरी नाव न सांगता द्यायला लाव. मोडकं खेळणं देणं म्हणजे घर आवरणं. घरातली भेटवस्तू एकच दे, तीही मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर.

आता गव्हाचं. गोठ्यापुढचं हिरवं शेत त्याला फार आवडेल, पण वेळ चुकली की सगळं चुकतं. तीस बाय वीस सेंटिमीटरचा, खाली भोकं असलेला ट्रे, तीन-चार सेंटिमीटर माती, अर्धी वाटी गहू दहा-बारा तास भिजवून. दाणे एका थरात, एकमेकांना लागून पसरायचे, वर मातीचा पातळ थर, दोन दिवस कागदाने झाकायचं. पुण्याच्या थंडीत 12-13 डिसेंबरला पेर. वसईच्या उबेत दोन दिवस उशिरा चालतं. लवकर पेरलंस तर नाताळपर्यंत रोपं उंच होऊन आडवी पडतात. कोंब आल्यावर उजेडात ठेव, नाहीतर पिवळी राहतात. पाणी तो रोज ओतेल आणि जास्तच ओतेल. बुरशी येते ती यानेच. त्याच्या हातात तांब्याऐवजी फवारणीची बाटली दे. नाचणीचं गवत जास्त नाजूक दिसतं, पण ती दोन-तीन दिवस आधी पेरावी लागते. शाडूच्या मूर्ती त्या ओल्या मातीवर उभ्या करू नकोस, कच्ची माती बुडातून विरघळते. खाली फरशीचा तुकडा ठेव.

फराळात त्याच्या हाताला जमतं ते कुलकुल. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी पिठीसाखर, दोन चमचे गरम तूप, चिमूट मीठ, आणि मळायला लागेल तेवढं नारळाचं दूध. पीठ घट्ट हवं. अर्धा तास झाकून ठेव, मग बोराएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. कड नीट चिकटली नाही तर तेलात उलगडते, म्हणून त्याने केलेली प्रत्येक कड तू एकदा दाब. मंद-मध्यम आचेवर तळ. पिठात साखर असल्याने मोठ्या आचेवर वरून काळी आणि आतून कच्ची राहतात. तळताना तो स्वयंपाकघरात नको. दिवाळीत ज्या घरांतून तुमच्याकडे ताट आलं, त्या घरांत नाताळचं ताट त्याच्या हातून जाऊ दे, आणि कशाचं ताट हे त्यालाच सांगू दे.

24 ला दुपारी दोन तास झोपव, साडेसहाला जेवू घाल. तुमच्या धर्मग्रामात (तुमच्या चर्चच्या हद्दीत) रात्रीच्या दोन मिस्सा असतील तर आधीची घे. पुढच्या बाकांवर, कडेला बसा; मागे बसलं की त्याला फक्त पाठी दिसतात. त्याला आधीच दोन गोष्टी सांगून ठेव. आगमनकाळात न गायलेलं महिमास्तोत्र, देवाच्या स्तुतीचं गीत, आज पुन्हा सुरू होईल, तेव्हा बऱ्याच चर्चमध्ये घंटा वाजतात, त्या ऐकायच्या. आणि विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना, देव मनुष्य झाला या शब्दांवर, आज सगळे गुडघे टेकतात, त्यानेही टेकायचे. मधेच झोपला तर झोपू दे. गव्हाणीत बाळ घरी येऊन ठेवायचं, आणि झोप लागलीच असेल तर पहाटे उठल्या उठल्या, त्याच्याच हाताने.

26 ला गोठा आवरायची घाई करू नकोस. बाहेरचा नाताळ तेव्हा संपतो, आपला तेव्हा सुरू होतो. ज्ञानी लोक रोज थोडं पुढे सरकू देत आणि 6 जानेवारीच्या सुमारास, प्रकटीकरणाच्या सणाला, म्हणजे त्यांनी बाळाला भेटल्याच्या सणाला, पोचू देत. आपल्याकडे हा सण बहुतेक रविवारी येतो, चर्चमध्ये तारीख विचारून घे. त्यानंतरच्या रविवारी (कधीकधी दुसऱ्याच दिवशी, सोमवारी) प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की मूर्ती कोरड्या कापडात वेगवेगळ्या गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत ओल धरून शाडू भुसभुशीत होते. खोक्यावर त्याला काय काढायचं ते काढू दे. एक मूर्ती पुढच्या वर्षी वाढवायची, कोणती ते त्यालाच विचार.

लेकाला आशीर्वाद. गहू उगवला नाही किंवा कुलकुल फुटले तर कळव, कुठे चुकलं ते बघू.

तुझी,
धर्मशिक्षणाची बाई