घेणारा आहे का, ते आधी बघ

शेअरचा भाव पडेल ही भीती सगळ्यांनाच असते. पण घेणाराच नसेल, हे नव्या माणसाच्या डोक्यातही येत नाही.

२३ मार्च २०२०, सोमवार. बाजार उघडून तास व्हायच्या आत निर्देशांक १० टक्के खाली, ४५ मिनिटं व्यवहार बंद. पुन्हा सुरू झाला तरी घसरण चालूच. सेन्सेक्स दिवसअखेर ३,९३४ अंकांनी आपटला. माझ्याकडे एका स्मॉलकॅपचे, म्हणजे छोट्या कंपनीचे, चारशे शेअर होते. स्क्रीनवर घेणाऱ्यांच्या रकान्यात पाचही ओळी शून्य. विकणाऱ्यांची मात्र लोअर सर्किटच्या, म्हणजे त्या दिवशी ज्याच्या खाली भाव जाऊच शकत नाही त्या, भावाला ही लांब रांग, आणि तिच्या शेपटाला मी. स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला आला की आपोआप विकायचा आदेश, लावला होता की! पण समोर गिऱ्हाईकच नसेल तर तो नुसता लटकून राहतो.

म्हणून शेअर घेण्याआधी रोजची उलाढाल बघ, आणि बाजार पडलेल्या दिवशी ती किती होती तेही बघ. खरेदी आणि विक्रीच्या भावातली फट रुंदावली असेल तर मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची, अजिबात टाकू नकोस; लिमिटच लाव, म्हणजे भाव तू ठरवशील. उधारीवर, म्हणजे मार्जिनवर, असले शेअर तर नकोच.

सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेव, म्हणजे अशा दिवशी विकायची वेळच येणार नाही. ‘पैसे डेट फंडात, म्हणजे कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या फंडात, आहेत, केव्हाही काढता येतील’ असं म्हणशील. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीने सहा डेट योजना बंद केल्या, तेव्हा त्यातले लोकही हेच म्हणत होते. पैसे मिळाले, पण हप्त्याहप्त्याने, पुढच्या वर्षापासून.